घंटा आणि खांब

पणजीच्या मुख्य इगर्जीची मोठी घंटा मूळची तेथील नव्हे. ती जुन्या गोव्यातील ऑगस्टिनियन मठाची. १८३५ साली पोर्तुगीज सरकारने धर्मसंघ बरखास्त केले, मठ ओस पडला, आणि घंटा आग्वादच्या किल्ल्यावरून १८७१ साली पणजीस आली.

तिच्या कुळातील काही घंटा हिंदू देवालयांतही नांदत आहेत. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. तहाने पोर्तुगीज शिबंदीस शस्त्रे, वाद्ये व निशाणे यांसह बाहेर पडण्याची मुभा मिळाली; घंटा मात्र विजयचिन्हे होऊन मराठी मुलखात गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटेवर १७२१ हे साल आहे. गोदावरीचे पाणी तिला लागले की महापूर आला, असे नाशिककर समजत. जंगम वस्तूस मालक बदलता येतो, देवही बदलता येतो. (आम्हां वकिलांना हे लवकर उमगते.)

लाकडास ती सोय नाही. पेडणे आणि डिचोली हे महाल अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज अंमलाखाली आले. तत्पूर्वी दिवाडीचा सप्तकोटेश्वर आश्रयास आला तो डिचोलीतील नार्व्यासच, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्याचा जीर्णोद्धार करविला. या भागात डिचोलीच्या कासारांनी समया घडविल्या, तर चारी-मेस्तांनी फणसाच्या व शिवणीच्या लाकडातून पालख्या, मखरे आणि चौकाचे खांब कोरले.

एका देवस्थानचे दप्तर आम्ही मध्यंतरी पाहिले. घंटा, समया, प्रभावळ यांची वजनासकट नोंद. कोरीव खांबांविषयी एक ओळही नाही. जीर्णोद्धार निघाला तेव्हा खांब उतरले, त्या जागी सिमेंट व ग्रॅनाइट आले. दाद मागावी तर कोणत्या कागदावर?

‘लाकूड टिकत नाही,’ असे महाजन आम्हांस म्हणाले. पेडण्यासमोर नदीपलीकडे कोलवाळ येथे १९३० साली फादर हेरास यांना बुद्धमूर्ती सापडली, हे वाचकांस ठाऊक असेलच. त्या बौद्धांचे लाकूडकाम पाहावयाचे तर कार्ल्यास जावे. तेथील चैत्यगृहाच्या छतास सागवानी कमानी सुमारे दोन हजार वर्षे तशाच आहेत, कारण माथ्यावरच्या खडकाने पाऊस आत येऊ दिला नाही. आपल्या देवळांत खडकाचे हे काम कौलांनी करावयाचे असते, आणि कौले दर वर्षी मृगापूर्वी शाकारावी लागतात.

त्या देवस्थानने आता उरलेल्या दोन खांबांची नोंद दप्तरात केली आहे. कौले मात्र यंदाही शाकारलेली नाहीत.