कोलोनोस्कोपीला वेळ किती लागतो?

घरात अब्बांची किंवा अम्मीची कोलोनोस्कोपी ठरली की आपण आधी विचारतो, 'किती वेळ लागेल?' दुर्बिणीची तपासणी साधारण 20 ते 45 मिनिटांची. पण आधीची तयारी, गुंगीचं इंजेक्शन आणि नंतरचा आराम धरला तर दवाखान्यात तीन-चार तास जातात.

वेळ वाढण्याचं एक मोठं कारण म्हणजे पोट नीट साफ नसणं. मग डॉक्टरांना आतडं पाण्याने धुवत पुढे जावं लागतं. कधी तर तपासणी पुन्हा करावी लागते. म्हणून जुलाबाचं औषध चव आवडली नाही तरी सांगितलं तेवढं, सांगितलेल्या वेळी पूर्ण प्यावं. पोटाचं जुनं ऑपरेशन किंवा आतड्याची जास्त वळणं असली तरी दुर्बीण हळू सरकते. पॉलिप, म्हणजे आतड्यातला कोंब, दिसला तर बहुतेक वेळा तो तिथेच काढतात.

उशीर झाला म्हणून बाहेर बसलेल्यांनी लगेच घाबरू नये. दुर्बीण बाहेर घेताना घाई न करता आतडं नीट निरखावं, असा नियम आहे. घाईत सुटलेला कोंब पुढे कॅन्सर होऊ शकतो. गुंगीनंतर त्या दिवशी गाडी चालवता येत नाही, म्हणून सोबत कुणीतरी हवंच. आम्ही तर म्हणू, तो दिवस मोकळाच ठेवा.