एका कोळ्याचें सुतक

सुतक कोणाचें धरावें, याचा आपल्या धर्मशास्त्रानें फार बारकाईनें विचार केला आहे. सपिंड कोण, समानोदक कोण, दहा दिवस कोणास व तीन दिवस कोणास, याचे निर्णय तेथें सांपडतात. परंतु घरांत बाळगलेला एखादा जीव गेला असतां मनाला जें लागतें, त्याची वाट काय, हा प्रश्न त्या निर्णयांच्या कक्षेबाहेरच राहिला. गेल्या पावसाळ्यांत आमच्या एका विद्यार्थ्यानें तो आमच्यापुढें आणून ठेवला. त्या वेळीं आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं, म्हणून हा लेख.

विद्यार्थी नवेगांवबांधकडचा. १९९९ सालीं भंडारा जिल्ह्यापासून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. पण धानाच्या बांधी आणि जुनीं तळीं ही दोहोंची दौलत एकच. सहा वर्षांपूर्वीं त्याच्या घरच्या बांधीचा धुरा खणतांना एक बीळ फुटलें आणि तळहाताएवढा केसाळ कोळी बाहेर पडला. इंग्रजींत यास टॅरंटुला म्हणतात. मजुरांनीं फावडें उगारलें होतें; मुलानें तो डब्यांत घालून घरीं नेला व कांचेच्या पेटींत माती भरून तींत सोडला. ती मादी निघाली. या कोळ्यांत नर वयांत आल्यावर फार काळ जगत नाहीं. मादी मात्र वर्षानुवर्षें जगते. आठवड्यास एखादें झुरळ किंवा नाकतोडा, एवढाच तिचा शिधा. कात टाकावयाची झाली म्हणजे ती उताणी पडे. पहिल्या खेपेस ती मेली असें समजून घरचे तिला उकिरड्यावर टाकणार होते. गेल्या श्रावणांत मात्र ती उताणी पडली नाहीं. पाय पोटाखालीं दुमडून निश्चल झाली. कोळ्याचे पाय शरीरांतील रसाच्या दाबानें पसरतात, आणि तो दाब सरला म्हणजे ते आपोआप मिटतात. मुलास हें ठाऊक होतें. तरी त्यानें दोन दिवस वाट पाहिली.

घरचे म्हणाले, ब्याद टळली. आमच्याकडे तो आला तेव्हां आम्हीहि हसलों. तो एवढेंच म्हणाला, "सर, कुत्रें मेलें असतें तर तुम्ही हसलां नसतां. तिनें मला कधीं ओळखलें नाहीं, म्हणून मला वाईट वाटूं नये काय?"

कुत्र्याविषयींचें त्याचें बोलणें इतिहासास धरून होतें. साताऱ्याजवळ संगम माहुली येथें शाहू महाराजांच्या खंड्या नांवाच्या कुत्र्याचें स्मारक आहे. शिकारींत वाघापासून त्यानें धन्याचा जीव वांचविला, असें सांगतात. रायगडावर वाघ्याचें शिल्प आहे. शिवछत्रपतींच्या चितेंत त्यानें उडी घेतली या कथेस समकालीन आधार नाहीं, म्हणून तें हलविलें गेलें व पुन्हां बसविलेंहि गेलें. आधार नसतांहि लोक कथेस इतके कां बिलगतात? कारण येथें शोक करणारा कुत्राच आहे. जनावरानें आपल्यासाठीं मरावें, ही माणसाची जुनी हौस तींत पुरी होते. जुन्नर तालुक्यांत आळे येथें ज्ञानदेवांनीं वेद बोलविलेल्या रेड्याची समाधि आहे. आणि कोळ्याचें म्हणाल तर आंध्रांतील श्रीकालहस्ती या क्षेत्राच्या नांवांतच, स्थलपुराणाप्रमाणें, कोळी, सर्प व हत्ती असे तिघे शिवभक्त आहेत. कोळ्यानें लिंगावर जाळें विणलें व तो मुक्त झाला.

या सर्व स्मारकांस एक अट समान दिसते. ज्याचें स्मरण करावयाचें त्या जीवानें कांहीं तरी करून दाखविलेलें असावें. प्राण द्यावा, वेद बोलावे, भक्ति करावी. नुसतें जगून भागत नाहीं. टॅरंटुलाच्या वांट्यास तर भयच आलें. इटलींतील तारांतो नगराजवळच्या एका कोळ्याच्या दंशानें माणूस उन्मत्त होतो व नाचल्यावांचून बरा होत नाहीं, अशी तेथें समजूत होती. त्या नगराचें नांव पुढें भलत्याच कुळांतील या मोठ्या कोळ्यांस चिकटलें.

या अटीला अपवाद आम्हांस सांपडला तो फार दूर, पश्चिम ऑस्ट्रेलियांत. बार्बरा यॉर्क मेन या विदुषीनें १९७४ सालीं तेथील एका राखीव रानांत बिळाला झांकण करून राहणाऱ्या कोळ्यांची नोंद घेण्यास आरंभ केला. बिळापाशीं खुंटी ठोकावयाची, तीवर क्रमांक घालावयाचा आणि वर्षानुवर्षें येऊन पाहावयाचें, ही रीत. सोळा क्रमांकाची मादी एकाच बिळांत राहिली. बाई वृद्ध झाल्या, तरी ती होतीच. २०१६ सालीं लीअँडा मेसन या तरुण संशोधिकेस तिच्या बिळाचें झांकण फुटलेलें आढळलें. परोपजीवी गांधीलमाशीनें तिचा घात केला असावा. वय ४३ वर्षें. इतका दीर्घायु कोळी तोंवर नोंदीस आलेला नव्हता. २०१८ सालीं ही वार्ता प्रसिद्ध झाली तेव्हां जगभरच्या वृत्तपत्रांनीं ती एखाद्या वडीलधाऱ्या माणसाच्या निधनासारखी छापली. त्या कोळ्यानें कोणाचा जीव वांचविला नव्हता, कोणास ओळखलेंहि नव्हतें. बेचाळीस वर्षें कोणी तरी त्याच्याकडे लक्ष ठेवून होतें, एवढेंच.

आम्हांस वाटतें, मुलाच्या प्रश्नाचें उत्तर येथें आहे. प्रेमाची परतफेड झाली तरच शोक रास्त, हा सावकारी हिशेब झाला. ज्याच्याकडे आपण रोज पाहिलें, ज्याची भूक व ज्याचा विसावा आपल्या दिनक्रमांत शिरला, तें नाहींसें झालें म्हणजे आपल्या दिवसांतलाच एक तुकडा जातो. त्यानें आपणांस ओळखलें होतें कीं नाहीं, यानें तो तुकडा भरून येत नाहीं.

दिवाळीच्या सुटींत आम्ही त्याच्या घरीं गेलों. देह त्यानें बांधीच्या धुऱ्यांतच पुरला होता. एका पत्र्याच्या डबींत मात्र पांच काती कापसावर ठेवलेल्या होत्या, लहानापासून मोठ्यापर्यंत, आणि प्रत्येकीखालीं चिठ्ठीवर तारीख होती. सहावी चिठ्ठी कोरी होती. ती कां ठेवलीस, असें आम्हीं त्यास विचारलें नाहीं.