नावे इटली, जमा जव्हार

इटलीशी माझा संबंध कॉलेजच्या पहिल्या वर्षापासूनचा आहे. म्हणजे मी इटलीला कधी गेलो नाही. पासपोर्ट काढायचा विचार मनात आला की पाठोपाठ घराचा हप्ता आठवतो. पण बी.कॉम.च्या पहिल्याच आठवड्यात, जमाखर्चाच्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर, लुका पाचोली नावाचा एक इटालियन साधू भेटला आणि तेव्हापासून तो काही माझ्या मानगुटीवरून उतरलेला नाही. या गृहस्थाने १४९४ साली व्हेनिसमध्ये गणिताचा एक जाडजूड ग्रंथ छापला आणि त्यात दुहेरी नोंदीची पद्धत समजावून सांगितली. प्रत्येक नावेला एक जमा, प्रत्येक जमेला एक नावे. पद्धत त्याने शोधली नव्हती. जिनोव्हा शहराची १३४० सालची खातेवही याच पद्धतीने लिहिलेली आहे. पण साधूने संसारी माणसांना हिशेब शिकवावा आणि स्वतः मोकळे राहावे, हा प्रकार आपल्याला ओळखीचा वाटतो.

पुढे बँकेत लागलो. 'बँक' हा शब्दही मूळचा इटलीचाच. 'बांको' म्हणजे बाक. तिकडचे सराफ बाजारात बाक मांडून बसत. आमच्या शाखेत गिऱ्हाइकांसाठी आजही एकच बाक आहे, त्यावरून आम्ही मूळ परंपरेला किती धरून आहोत ते ध्यानात येईल.

सांगायचा मुद्दा असा की, आमच्या कन्येने जव्हारच्या बिऱ्हाडात ऐन श्रावणात 'लेमन पन्ना कोत्ता' करण्याचे जाहीर केले, तेव्हा घरात सर्वांत शांत मी होतो. इटलीची सवय होती. जव्हारला लोक पूर्वी ठाणे जिल्ह्याचे महाबळेश्वर म्हणत. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला. महाबळेश्वर जागच्या जागी राहिले, जिल्हा तेवढा बदलला. पाऊस मात्र कोणत्याही जिल्ह्याचे ऐकत नाही. अशा पावसात माणसाला खायला सुचते, आणि मुलांना मोबाइलवर बघितलेले करायला सुचते.

शेजारच्या काकू डोकावल्या. "पन्हं करत्येस? अगं, श्रावणात कैऱ्या कुठल्या?"

"पन्हं नाही काकू, पन्ना कोत्ता."

"कोतं कशाला? करायचंच तर चांगलं भरपूर कर!"

पन्ना म्हणजे साय आणि कोत्ता म्हणजे शिजवलेली. थोडक्यात, शिजवलेली साय. इटलीच्या वायव्येला पिएमोन्ते नावाचा प्रांत आहे, तिथली ही मिठाई. दूध-साय-साखर तापवायची, थिजवायची, वाटी ताटलीत पालथी घालायची आणि ती थरथरली की आपण धन्य व्हायचे. नाव ऐकून वाटते, रोमन बादशहा हेच खाऊन लढाईला जात असतील. पण १९६० च्या आधीच्या इटालियन पाकपुस्तकांत या पदार्थाचे नाव सापडत नाही. म्हणजे वयाने तो आमच्या थोरल्या काकांपेक्षा लहान. काकूंना कृती समजावून सांगितली, तेव्हा त्यांनी क्षणभर विचार केला आणि निकाल दिला, "म्हणजे खर्वस! म्हैस व्यायची वाट न बघता केलेला." इतकी नेमकी व्याख्या मी कोणत्याही पुस्तकात वाचलेली नाही. चिकाचे दूध आपल्या गुणाने थिजते, साध्या दुधाला दुसऱ्या कुणाचा तरी जामीन लागतो, एवढाच फरक.

आता बँकेतल्या माणसाची खोड अशी की समोर काहीही आले की त्याची खाती पाडावीशी वाटतात. कन्या भांडी शोधत होती, तोवर मी मनातल्या मनात वही उघडली.

पहिले खाते लिंबाचे. लिंबाच्या साऱ्या कुळाचे माहेर हिमालयाच्या पायथ्याशी, आसाम, उत्तर ब्रह्मदेश आणि चीनच्या युन्नानच्या बाजूला. इटलीत जे मोठे पिवळे लिंबू मिळते ते आंबट नारिंग आणि महाळुंग यांच्या संकरातून झालेले. महाळुंग म्हणजे तेच, जे कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात आहे. आपले कागदी लिंबूही महाळुंगाच्याच गोत्रातले. दुसऱ्या बाजूचे आजोळ तेवढे वेगळे. पश्चिमेकडे हे फळ अरबांनी नेले. सिसिली बेटावर त्यांचे राज्य नवव्या शतकापासून अकराव्या शतकापर्यंत होते, त्या काळात लिंबू तिथे रुजले. आपल्या 'निंबू'चे वाटेत 'लिमून' झाले आणि इटलीत 'लिमोने'.

दुसरे खाते साखरेचे. शर्करेची अरबांनी 'सुक्कर' केली आणि इटलीने 'झुक्केरो'. उसाची लागवडही अरबांबरोबरच सिसिलीला पोहोचली.

हे सारे मी मोठ्याने बोललो असणार, कारण ओट्यावर वर्तमानपत्र वाचत बसलेले शेजारचे निवृत्त गुरुजी एकदम ताठ झाले. "म्हणजे सगळं आपलंच! उगाच इटालियन इटालियन करतात!"

गुरुजींचा उत्साह मला समजतो. आपली कुणाकडे येणे बाकी आहे हे कळले की कुणालाही बरे वाटते. पण पाचोलीबुवांचा नियम आड येतो. जमा लिहिली की कुठेतरी नावेही लिहावी लागते. गुरुजींची त्या दिवशी एकादशी होती. सकाळी त्यांच्याकडे साबुदाण्याची खिचडी झाली होती, बटाटा आणि शेंगदाणे घालून, हिरवी मिरची वाटून. मी म्हटले, "गुरुजी, बटाटा दक्षिण अमेरिकेचा, शेंगदाणा तिथलाच, साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो तिथलाच आणि मिरचीचं माहेरही त्याच बाजूचं. कोलंबस १४९२ साली निघाला नसता तर आज तुम्हाला कडकडीत उपास घडला असता."

गुरुजी थोडा वेळ वर्तमानपत्राआड गेले. आपली एकादशी दक्षिण अमेरिकेच्या कर्जावर चालते, हे पचायला खिचडीपेक्षा जड आहे.

तिसरे खाते दुधाचे. अर्धा लिटर म्हशीचे दूध आणि वाटीभर घट्ट साय. हे खाते लिहिताना मात्र माझा हात जरा रेंगाळला. याच जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत १९९२-९३ साली कुपोषणाने मुले दगावली आणि तेव्हा कुठे महाराष्ट्राला हा तालुका नकाशावर शोधावासा वाटला. त्यानंतर योजना आल्या. २०१५ पासून अंगणवाडीत गरोदर आणि बाळंतिणींना एक वेळचा चौरस आहार मिळू लागला. वजनकाटे आले, तक्ते आले. तरी दुधावरची साय वाटीने मोजताना हा हिशेब आठवतोच. आठवू नये म्हणायचे तर बदली मागून घ्यावी लागेल.

असो. लिंबू आणि दूध यांची गाठ घालणे ही तर सासू-सुनेला एका खोलीत ठेवण्याइतकी नाजूक गोष्ट. तापल्या दुधात लिंबू पिळले की पनीर होते, हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. आमच्या सौ.ने दारातूनच बजावले, "अर्धा लिटर दूध आहे, नासलं तर रात्री सगळ्यांना बिनदुधाचा चहा." पण कन्या हुशार. लिंबाचा आंबटपणा रसात असतो आणि वास सालीतल्या तेलात असतो. तिने दोन लिंबांची वरवरची साल तेवढी किसून घेतली. खालचा पांढरा भाग आला तर कडू होते. ती साल गरम दुधात टाकून दहा मिनिटे झाकून ठेवली आणि मग दूध गाळले. रस साखरेच्या पाकात घालून वरून ओतायला बाजूला ठेवला. भांडण नाही, तंटा नाही. सासू-सून स्वतंत्र बिऱ्हाडे.

चौथे खाते जामिनाचे, म्हणजे थिजवणाऱ्या वस्तूचे. इटलीत त्यासाठी जिलेटिन वापरतात. जिलेटिन कशाचे करतात, असे सौ.ने विचारले आणि कन्येने मोबाइल बघून प्रामाणिकपणे सांगितले, "जनावरांच्या कातड्याचं आणि हाडांचं." पुढची तीन मिनिटे घरात जे झाले त्याचा वृत्तांत देत नाही. "माझ्या पातेल्यात कातडं शिजणार नाही," हा ठराव एकमताने मंजूर झाला.

पण कातडे म्हटल्यावर मला जव्हारचा इतिहास आठवला. इथले संस्थान मुकणे घराण्याचे. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीला जाताना शिवाजी महाराजांची आणि विक्रमशहा राजांची भेट जवळच्या शिरपामाळावर झाली, असे इथली माणसे अभिमानाने सांगतात. त्या घराण्याच्या मूळ पुरुषाची, जयबाची, कथा १८८२ च्या ठाणे गॅझेटियरात आहे. जयबा जव्हारच्या वारली सरदाराकडे गेला आणि म्हणाला, "बैलाच्या एका कातड्यात मावेल एवढी जागा द्या." सरदार भला माणूस. कातड्याएवढी जागा मागणाऱ्याला नाही कोण म्हणेल? तो हो म्हणाला. जयबाने कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, एकीला एक जोडल्या आणि सरदाराचा सगळा मुलूख त्या दोरीच्या आत घेतला. जयबाच्या मुलाला १३४३ साली दिल्लीच्या सुलतानाने राजा म्हणून मान्यता दिली. तिकडे जिनोव्हात दुहेरी नोंदीची वही सुरू होऊन तीन वर्षे झाली होती.

आता गंमत बघा. हीच गोष्ट इटलीच्या व्हर्जिल नावाच्या महाकवीने येशूच्या जन्माआधी लिहून ठेवली आहे. दिदो नावाची राणी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरली, बैलाच्या कातड्यात मावेल एवढी जागा विकत घेतली आणि कार्थेज शहर वसवले. तिथल्या गडाचे नावच 'बिर्सा'. ग्रीक भाषेत बिर्सा म्हणजे कातडे. त्याचे लॅटिनमध्ये 'बुर्सा' झाले, म्हणजे कातड्याची पिशवी, म्हणजे पैशाची थैली. आणि थैलीतून पैसे बाहेर काढणे म्हणजे 'डिस्बर्समेंट'. कर्जवाटपाच्या रजिस्टरवर हा शब्द मी वीस वर्षे लिहीत आलो आहे. प्रत्येक वेळी मी कातडेच वाटत होतो, हे त्या दिवशी कळले. कर्जदारांना ते पूर्वीपासून माहीत असावे.

गोष्ट तिकडून इकडे आली की दोन्हीकडे स्वतंत्र उगवली, या वादात मी पडत नाही. गोष्टींना पासपोर्ट लागत नाही, लिंबांना लागत नाही. माझे लक्ष दुसऱ्याच माणसाकडे जाते. जयबाचे नाव राहिले, दिदोचे राहिले. पण ज्याने न मोजता हो म्हटले, त्या जव्हारच्या सरदाराचे काय झाले? दोरी आवळली गेल्यावर त्याच्या वहीत काय लिहिले गेले?

हा प्रश्न फार जुना आहे असे समजू नये. आमच्या शेजारच्या मोखाडा तालुक्यात कोचाळे येथे मध्य वैतरणा धरण आहे. भिंत १०२ मीटर उंच, आणि पाणी मुंबईच्या नळाला. श्रावणात मोखाड्यावर इतका पाऊस कोसळतो की छत्री ही केवळ सामाजिक शिष्टाचार म्हणून धरावी लागते, आणि तरी एप्रिल-मे महिन्यांत तिथल्या कित्येक पाड्यांवर हंडे टँकरची वाट बघत रांगेत उभे असतात. मुंबईच्या जमेच्या बाजूला पाणी दिसते. मोखाड्याच्या नावेच्या बाजूला काय लिहिले आहे, ते पान कुणी उघडत नाही. बुवा, तुमची दुहेरी नोंद इथे एकेरी झाली!

इकडे स्वयंपाकघरात कातड्याऐवजी चायना ग्रास आले होते. ही वस्तू समुद्रातल्या शेवाळापासून करतात. नाव चीनचे आणि शोध जपानचा, तेव्हा त्याही खात्यात थोडा घोटाळा आहेच. पाच ग्रॅम काड्या अर्धा तास भिजवल्या आणि कपभर पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळल्या. दूध आणि हे पाणी, दोन्ही गरम असतानाच एकत्र करायचे, नाहीतर गुठळ्या होतात. साखर पाच चमचे. वाट्या भरून ठेवल्या आणि नेमकी वीज गेली. सौ.ने माझ्याकडे बघितले, जणू मी वीज मंडळात आहे. पण चायना ग्रासला फ्रीजची गरज लागत नाही. अंगाएवढी ऊब राहिली की ते थिजायला लागते. वीज आली तेव्हा सगळ्या वाट्या शहाण्यासारख्या घट्ट बसल्या होत्या. गुरुजींनी (उपासाला लिंबू चालते, शेवाळाबद्दल शास्त्रात काही नाही, असा स्वतःच निर्णय देऊन) दोन वाट्या घेतल्या. काकू म्हणाल्या, "खर्वसाची सर नाही, पण वाईट नाही." ही पावती मी जपून ठेवली आहे.

लिंबे आमच्या शाखेतल्या शिपाईमामांनी दिली होती. मोखाड्याच्या पुढे एका पाड्यावर त्यांचे घर, परसात लिंबाचे झाड. दोन मागितली तर पिशवी भरून आणली. दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी डब्यातून वाटी नेली आणि विचारले, "मामा, लिंबांचे किती द्यायचे?"

मामांनी वाटी उघडून बघितली, हलवली, ती थरथरली तसे हसले. म्हणाले, "राहू द्या साहेब. लिंबं कोण मोजून देतं?"

मी काउंटरवर येऊन बसलो. समोर त्या दिवशीचे वाटपाचे रजिस्टर उघडे होते. त्यांनी न मोजता दिली होती, आणि मोजायची माणसे आम्ही. पिशवीत लिंबे सत्तावीस होती. मी मोजली होती.