स्पिटफायर विमानाची मोठी प्लॅस्टिक प्रतिकृती

स्पिटफायर, प्लॅस्टिक प्रतिकृती : दुसऱ्या महायुद्धातील सुपरमरीन स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाची, पॉलिस्टायरीनचे सुटे भाग जोडून व रंगवून केलेली प्रतिकृती. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः १:२४ या मोठ्या प्रमाणातील पहिल्या प्रकारच्या (मार्क १) विमानाचा विचार केला आहे. मूळ विमान आर. जे. मिचेल यांच्या आराखड्यानुसार ५ मार्च १९३६ रोजी प्रथम उडाले आणि पुढे वीस हजारांहून अधिक बांधले गेले. त्याच्या पंखांचा विस्तार ११.२३ मी. होता, १:२४ प्रमाणात तो सुमारे ४७ सेंमी. होतो. १:३२ मध्ये तो ३५ सेंमी., तर १:७२ या सर्वांत रूढ प्रमाणात जेमतेम साडेपंधरा सेंमी. भरतो.

प्रमाण : चोवीस, बत्तीस, बहात्तर हे आकडे फूट-इंचांच्या हिशेबातून आले आहेत. एका फुटाला अर्धा इंच धरला की १:२४, पाव इंच धरला की १:४८ आणि एक-षष्ठांश इंच धरला की १:७२. मोठी प्रतिकृती म्हणजे लहान प्रतिकृतीच फक्त आकाराने वाढवलेली, हा समज चुकीचा आहे. लहान प्रतिकृतीत जे सुचवून भागते ते येथे प्रत्यक्ष दाखवावे लागते. पंखाची मागची कड प्लॅस्टिकमध्ये एक मिमी. जाड राहिली, तर मूळ विमानावर ती २४ मिमी. जाडीची फळी ठरते. म्हणून जोडणीपूर्वी पंखाचे दोन्ही अर्धे आतून घासून कड पातळ करणे हे या कामातील पहिले आणि बहुधा सर्वाधिक दुर्लक्षित पाऊल होय.

इतिहास : प्लॅस्टिकच्या विमानांचे पहिले किट ब्रिटनमध्ये १९३६ साली ‘फ्रॉग पेंग्विन’ या नावाने निघाले. ते सेल्युलोज ॲसिटेटचे असल्याने काळाच्या ओघात वाकडे होत. निकोलस कोव्ह यांनी १९३९ मध्ये स्थापन केलेल्या एअरफिक्सने १:७२ प्रमाणातील स्पिटफायर १९५० च्या दशकात आणले. याच कंपनीचे १:२४ प्रमाणातील मार्क १ हे किट १९७० चे. मर्लिन इंजिन, पंखांतील बंदुका आणि उघडता येणारी झाकणे यांमुळे घरगुती टेबलावरील कामाची कल्पनाच या किटने बदलली. खोक्यावरील चित्र रॉय क्रॉस यांचे होते. जपानच्या तामियाने २००९ मध्ये १:३२ प्रमाणात मार्क ९ आणले. त्यातील इंजिनावरचे पत्रे बारीक चुंबकांनी जागेवर बसतात. साच्याच्या अचूकतेत ते सरस आहे, यात शंका नाही. २०१० नंतरच्या दशकात एअरफिक्सची अनेक किटे भारतात तयार होत आणि खोक्यावर तशी नोंद असे.

साधने : धारदार सुरी, कटर, चिमटा, ४०० ते २००० क्रमांकांचे पॉलिश पेपर, पुट्टी, एअरब्रश.

बैठक : वैमानिकाची बैठक धड बंद होण्यापूर्वीच रंगवून पूर्ण करावी लागते, कारण नंतर तेथे कुंचला पोहोचत नाही. आतील भिंती करड्या-हिरव्या आणि उपकरणफलक काळा असतो. आसन सुरुवातीच्या विमानांत धातूचे होते. पुढे तांबूस तपकिरी संमिश्र पदार्थाचे आले. दारातील छोटी पहार लाल रंगवण्याची प्रथा रूढ आहे. मात्र युद्धकाळात ती लाल नसे, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

इंजिन : मर्लिन, बारा सिलिंडरांचे, २७ लिटर क्षमतेचे. झाकणे बंदच ठेवायची असल्यास ते पूर्ण रंगवण्याची गरज नाही.

सांधे : धडाचे दोन अर्धे जोडणे ही या कामातील निर्णायक पायरी होय. वापरायचा पदार्थ चिकटवणारा डिंक नसून प्लॅस्टिक विरघळवणारे पातळ द्रावक असते. दोन्ही कडा केसभर अंतरावर धरून कुंचल्याचे टोक सांध्याला टेकवले की थेंब केशाकर्षणाने आपोआप फटीतून पुढे सरकतो. अर्ध्या मिनिटाने कडा एकमेकींवर दाबल्या म्हणजे वितळलेल्या प्लॅस्टिकची बारीक वळी सांध्याच्या सर्व लांबीवर वर येते. ती ओली असताना पुसू नये. दोन दिवस वाळू देऊन, ती पूर्ण कडक झाल्यावरच घासावी. घाई केल्यास प्लॅस्टिक नंतर आक्रसून सांध्याच्या जागी चर पडते आणि ती नेमकी चकचकीत थर दिल्यावर दिसते. घासताना पुसल्या गेलेल्या पत्र्यांच्या रेषा सुईने पुन्हा कोराव्या लागतात.

पंख धडाला जोडताना दोन बाबी तपासाव्यात. पंख क्षैतिज पातळीपासून ६ अंश वर उचललेले असावेत आणि ही उचल दोन्ही बाजूंना सारखी असावी. समोरून पाहणाऱ्याच्या नजरेला येथील एका अंशाचाही फरक खटकतो. दुसरी बाब पंखमुळाची. स्पिटफायरचा पंख धडाला मिळतो तेथे खालच्या बाजूची मागची कड पक्ष्याच्या पंखासारखी वळलेली असते. अनेक किटांत हे वळण चुकीचे किंवा सपाट आढळते. लंबवर्तुळाकार पंखाचे कौतुक सर्वत्र होते; पण प्रतिकृतीत जीव येतो तो या वळणाने. पुट्टीचे पातळ थर देऊन ते सुधारणे हे नव्या इंजिनापेक्षा किंवा महागड्या जोडभागांपेक्षा अधिक मोलाचे काम आहे.

मार्क १ च्या खालच्या बाजूस समरूपता नाही : उजव्या पंखाखाली मोठा शीतक, तर डाव्याखाली लहान, तेल थंड करणारा. दोन्हीकडे सारखेच शीतक असलेले विमान मार्क १ नव्हे, असे समजावे.

रंग : वरच्या बाजूस गडद मातकट आणि गडद हिरवा अशा दोन रंगांचे पट्टे. त्यांचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन नमुने होते, एक दुसऱ्याचे आरशातील प्रतिबिंब. पट्ट्यांची कड तीक्ष्ण होती की किंचित धूसर, यावर मतभेद आहेत. १:२४ प्रमाणात मात्र एक मिमी. पेक्षा रुंद धूसरता अवास्तव दिसते, एवढे निश्चितपणे म्हणता येते.

खालच्या बाजूचा रंग तारखेवर अवलंबून असतो. जून १९४० पूर्वी डावा पंख खालून काळा आणि उजवा पांढरा असे. त्यानंतर फिकट हिरवट-निळा ‘स्काय’ रंग आला. परंतु त्या उन्हाळ्यात वेगवेगळ्या तळांवर नेमकी कोणती छटा लागली, हे वादग्रस्त आहे. नोव्हेंबर १९४० च्या अखेरीस डावा पंख खालून पुन्हा काळा करण्याचा आदेश निघाला. म्हणून तारीख असलेले छायाचित्र हाती येईपर्यंत खालची बाजू रंगवू नये.

रंगाचे थर पातळ असावेत. ०.१ मिमी. चा थर या प्रमाणात जवळजवळ अडीच मिमी. होतो आणि खिळ्यांची डोकी बुजवतो.

डिकल : चिन्हे पाण्यात भिजवून सरकवली जातात. त्यांच्याखालचा पृष्ठभाग आधी चकचकीत असावा. मॅट रंगावर चिन्ह लावल्यास खाली हवा अडकून ते चंदेरी दिसते. मऊ करणारे द्रावण लावल्यावर चिन्ह प्रथम सुरकुतते. नवखा माणूस येथे घाबरून बोट लावतो आणि चिन्ह फाटते. हात न लावता ठेवल्यास तासाभरात ते ताणून पत्र्याच्या रेषांत उतरते आणि रंगवल्यासारखे दिसते. पंखांच्या पुढच्या कडेवर आठ बंदुकांच्या तोंडांवर लाल कापडाचे तुकडे डकवलेले असत, तेही दाखवावेत.

चिन्हांसाठी मराठी वाचकाला जवळची वाटावी अशी एक निवड म्हणजे ब्रिटनच्या शाही हवाई दलाची क्र. १३२ (बॉम्बे) स्क्वाड्रन. १९४१ मध्ये स्कॉटलंडमधील पीटरहेड येथे उभी राहिलेली ही तुकडी स्पिटफायर उडवत असे. युद्धनिधीला मिळालेल्या देणगीमुळे तिला मुंबईचे नाव देण्यात आले. तिच्या विमानांवर ‘एफ एफ’ ही अक्षरे असत. भारतीय वायुदलाच्या क्र. ८ स्क्वाड्रननेही ब्रह्मदेशाच्या आघाडीवर स्पिटफायर उडवले. परंतु ती विमाने मार्क ८ प्रकारची असल्याने मार्क १ च्या किटातून ती करता येत नाहीत.

काचा : शेवटी, आणि पांढऱ्या फेव्हिकॉलसारख्या डिंकानेच बसवाव्यात. झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या वाफेने त्या धुरकटतात.

जुनाटपणा : एक्झॉस्टचा करडा-तपकिरी माग, चढण्याच्या जागी झिजलेला रंग, याहून अधिक नको.

प्रत्यक्ष विमान : दिल्लीत पालम येथील वायुदल संग्रहालयात एक स्पिटफायर आहे. ते ग्रिफन इंजिनाचे उत्तरकालीन विमान असल्याने नाक व प्रोपेलर यांचे माप त्यावरून घेऊ नये. पंखमुळाचे वळण मात्र तेच आहे. काम हाती घेणाऱ्याने तेथे जावे, पंखाच्या मागे खाली वाकून उभे राहावे आणि धड व पंख मिळतात त्या कोपऱ्याची छायाचित्रे घेऊन यावीत.