बाबासाहेबांचा परत आलेला प्रबंध आणि आपली मौखिक परीक्षा

प्रबंध सादर होतो, 'व्हायवा'ची तारीख लागते आणि वस्तीतल्या पहिल्या पिढीच्या संशोधकाची झोप उडते. आमच्याकडे येणाऱ्या मुलामुलींची भीती बहुधा एकच असते: "परीक्षकांनी दुरुस्त्या सांगितल्या तर लोक म्हणतील, कोट्यातला होता." या भीतीचे उत्तर आम्हाला बाबासाहेबांच्याच इतिहासात सापडते.

जयंतीच्या बॅनरवर आपण त्यांच्या पदव्यांची रांग छापतो. त्यातली डी.एस्सी. पहिल्या फेरीत मिळाली नव्हती, हे मात्र आपण सांगत नाही. ऑक्टोबर १९२२ मध्ये त्यांनी लंडन विद्यापीठाला 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा प्रबंध सादर केला. मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी तो पुन्हा लिहायला सांगितला. पैशाची ओढाताण होतीच. एप्रिलमध्ये बाबासाहेब मुंबईला परतले, फेरलेखन केले आणि ऑगस्टमध्ये प्रबंध पुन्हा पाठवला. नोव्हेंबरमध्ये तो मान्य झाला आणि डिसेंबरमध्ये पुस्तकरूपाने आला.

प्रबंधाचा विषयही मवाळ नव्हता. ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात राबवलेल्या सुवर्ण विनिमय परिमाणाचे जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ च्या ग्रंथात समर्थन केले होते. बाबासाहेबांनी दाखवले की या व्यवस्थेत रुपये पाडण्यावर सरकारला पक्का लगाम राहत नाही, रुपयाची खरेदीशक्ती घसरते आणि महागाईचा भार गरिबावर पडतो. म्हणजे एक संशोधक विद्यार्थी साम्राज्याचे चलनधोरण आणि केन्स या दोघांनाही आव्हान देत होता.

त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांनाही त्यातले बरेच मुद्दे पटले नव्हते. पुस्तकाच्या प्रस्तावनेत कॅनन यांनी ते उघड लिहिले, तरीही पुस्तकाची शिफारस केली. बाबासाहेबांनी आपल्या मनोगतात कॅनन यांच्या कठोर तपासणीने आपल्याला अनेक चुकांपासून वाचवले, अशी कबुली दिली. कठोर प्रश्न म्हणजे अपमान, हे समीकरण त्यांनी मानले नाही. मार्गदर्शक असहमत असला तरी युक्तिवाद टिकतो, हेही यातून दिसते.

पदवीने ही परीक्षा संपली नाही. १५ डिसेंबर १९२५ रोजी हिंदी चलनाच्या प्रश्नावर नेमलेल्या रॉयल कमिशनपुढे त्यांची साक्ष झाली. त्याआधी २७ जानेवारी १९१९ रोजी साउथबरो समितीपुढे आणि नंतर २३ ऑक्टोबर १९२८ रोजी पुण्यात सायमन कमिशनपुढे ते मताधिकार व प्रतिनिधित्वावर बोलले. लेखी निवेदन द्यायचे आणि मग समोरच्याच्या उलटतपासणीला उत्तरे द्यायची. व्हायवा याहून वेगळी काय असते?

कोणी म्हणेल, ते बाबासाहेब होते. आमच्या समोर जात बघणारा परीक्षक बसला तर काय? हा आक्षेप आम्ही झटकत नाही. २०१६ च्या यूजीसी नियमावलीने पीएचडी प्रवेशात लेखी परीक्षा फक्त पात्रतेपुरती ठेवली आणि निवड मुलाखतीवर सोपवली. विद्यार्थ्यांनी विरोध केला आणि २०१८ मध्ये लेखीला ७०, मुलाखतीला ३० टक्के असे प्रमाण आले. बंद खोलीतल्या तोंडी गुणांवर आपला विश्वास नाही, याला असे कारण आहे.

म्हणूनच खोली उघडी ठेवणे आपले काम आहे. २०२२ च्या नियमावलीनुसार अंतिम मौखिक परीक्षा प्राध्यापक, संशोधक आणि विद्यार्थी यांना खुली असते. मग आपल्या मुलीच्या व्हायवाला पहिल्या दोन रांगा आपल्याच विद्यार्थ्यांनी का भरू नयेत? साक्षीदार असले की परीक्षकाचा प्रश्नही विषयावर राहतो.

तयारी विहारातच करता येईल. पीएचडी झालेल्या दोघांनी परीक्षक व्हावे आणि मुरवत न ठेवता विचारावे: तुझ्या प्रबंधात नवे काय? हीच पद्धत का? तुझा सर्वांत कच्चा दुवा कोणता? विरोधकाचा सर्वांत भक्कम आक्षेप आधी स्वतः लिहून काढावा आणि त्याचे उत्तर तयार ठेवावे.

आणि दुरुस्त्या आल्याच, तर मान खाली घालू नये. बाबासाहेबांचाही प्रबंध परत आला होता. त्यांनी तो पुन्हा लिहिला.

जय भीम!