परदेशातल्या कमी फीच्या विद्यापीठांना स्वतः अर्ज कसा करायचा? (जर्मनीचं उदाहरण घेऊन)

दिवाळीत वरकुट्याला गेलो होतो. इंदापूर तालुक्यातलं आमचं गाव. मावसभाऊ मेकॅनिकल इंजिनिअर झालाय, सीजीपीए ७.४. त्याने मोबाइल पुढे केला आणि म्हणाला, "दादा, माझं जर्मनीचं नक्की काय झालं ते बघ ना." एका कन्सल्टन्सीला घरच्यांनी उसाच्या बिलातून दीड लाख भरले होते. त्यांनी त्याच्या नावाने नवीन जीमेल आयडी उघडला होता आणि पासवर्ड स्वतःकडेच ठेवला होता. खूप मागे लागल्यावर पासवर्ड मिळाला. इनबॉक्समध्ये एका विद्यापीठाचा जूनमधला मेल पडून होता: एक कागद कमी आहे, १५ जुलैपर्यंत अपलोड करा. तो मेल कोणी उघडलेलाच नव्हता. एक वर्ष गेलं.

म्हणून पहिलाच नियम: अर्जासाठीचा ईमेल, मोबाइल नंबर आणि सगळे पासवर्ड तुमचेच हवेत. कोणाची मदत घ्यायची असेल तर घ्या, पण चावी देऊ नका. खरं तर अर्जाचं बहुतेक काम घरबसल्या मोबाइलवर होतं.

"फी शून्य" म्हणजे नक्की किती?

जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांनाही शिकवणी फी नाही. दर सेमिस्टरला साधारण १०० ते ४०० युरो सेमिस्टर वर्गणी असते आणि बऱ्याच ठिकाणी त्यातच बस-ट्रेनचा पास येतो. पण याला अपवाद आहेत आणि रील्समध्ये ते सांगत नाहीत. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात (हायडेलबर्ग, स्टुटगार्ट, कार्ल्सरूह, फ्रायबर्ग) युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो लागतात. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने २०२४-२५ च्या हिवाळी सेमिस्टरपासून फी सुरू केली. तिथे मास्टर्सला कोर्सप्रमाणे सेमिस्टरला ४,००० ते ६,००० युरो पडतात.

जर्मनीत खासगी विद्यापीठंही आहेत आणि त्यांची फी वर्षाला दहा-बारा हजार युरोंच्या घरात जाऊ शकते. अशी विद्यापीठं विद्यार्थी आणणाऱ्या एजंटला कमिशन देतात, फी न घेणारं सरकारी विद्यापीठ कशाला देईल? "तुमची प्रोफाइल बघता हीच युनिव्हर्सिटी बेस्ट आहे" असं कोणी म्हटलं की आधी हॉखशूलकोम्पास या डेटाबेसमध्ये ती संस्था सरकारी आहे की खासगी ते बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

इतर देशांचं थोडक्यात. नॉर्वे फुकट आहे असे जुने व्हिडिओ अजून फिरतात, पण २०२३ पासून तिथे आपल्याला फी लागते. फ्रान्सच्या सरकारी विद्यापीठांत पदवीला वर्षाला सुमारे २,९०० आणि मास्टर्सला सुमारे ३,९०० युरो लागतात. भारतातून अर्ज कॅम्पस फ्रान्समार्फत होतो. इटली आपल्या भागातल्या मुलांनी जरूर बघावी. तिथल्या सरकारी विद्यापीठांची फी कुटुंबाचं उत्पन्न आणि मालमत्ता बघून ठरते आणि प्रत्येक प्रांताची वेगळी शिष्यवृत्तीही असते. त्यासाठी उत्पन्नाचे आणि मालमत्तेचे दाखले अपोस्टिल करून इटालियनमध्ये भाषांतरित करावे लागतात. हे किचकट आहे, पण कमी उत्पन्नाच्या घराला याचाच फायदा होतो.

आता पुढचं सगळं जर्मनीबद्दल.

कोर्स शोधणे

डीएएडी या जर्मन संस्थेची कोर्स शोधायची वेबसाइट आहे. तिच्यात भाषा इंग्रजी, पदवी मास्टर्स आणि शिकवणी फी नाही असे तीन फिल्टर लावा. यादी खूप मोठी येते. मग प्रत्येक कोर्सच्या पानावरून विद्यापीठाच्या मूळ पानावर जा आणि तारखा-अटी तिथूनच घ्या.

विद्यापीठ मोठं आहे की छोटं यावर लोक फार वेळ घालवतात. नकाराचं नेहमीचं कारण मात्र वेगळंच असतं: विषय जुळत नाहीत. मेकॅनिकलवाला डेटा सायन्सला अर्ज करतो, आणि तिकडे लिहिलेलं असतं की गणितात इतके आणि कॉम्प्युटर सायन्समध्ये इतके क्रेडिट हवेत. ही अट बहुधा नियमावलीच्या पीडीएफमध्ये असते आणि ती पीडीएफ जर्मनमध्ये. ट्रान्सलेट करून वाचा. तीन वर्षांची बीएस्सी किंवा बीसीए असेल तर कोर्सला १८० ईसीटीएस क्रेडिट चालतात की २१० लागतात हेही तिथेच कळतं. आपलं कॉलेज ज्या विद्यापीठाशी संलग्न आहे त्याला जर्मनीत मान्यता आहे का ते आनाबिन डेटाबेसमध्ये दिसतं. तिथे 'एच प्लस' लिहिलेलं असलं की झालं.

'हॉखशूल' नावाच्या उपयोजित विज्ञानाच्या संस्थांना कमी समजू नका. तिथे शिक्षण प्रत्यक्ष कामाच्या जवळचं असतं आणि मोठ्या शहरांबाहेर असलेल्या संस्थांत खोलीचं भाडंही कमी पडतं. माझं मत विचाराल तर इंजिनिअरिंगवाल्याने पाच अर्जांपैकी तीन तरी इथे करावेत.

बारावीनंतर थेट पदवीला जायचं असेल तर जरा अवघड आहे. नुसत्या बारावीवर सहसा प्रवेश मिळत नाही. जेईई अॅडव्हान्स्ड पास हवी, किंवा भारतात त्याच विषयाचं एक वर्ष पूर्ण हवं, नाहीतर तिकडे स्टुडिएनकोलेग नावाचं तयारीचं वर्ष करावं लागतं.

आपले मार्क, त्यांचे मार्क

जर्मनीत १.० म्हणजे सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे काठावर पास. आपला आकडा बदलायला 'सुधारित बव्हेरियन सूत्र' वापरतात: सर्वात जास्त शक्य गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला सर्वात जास्त आणि पास होण्याचे किमान गुण यांच्यातल्या फरकाने भागा, तीनने गुणा आणि एक मिळवा. दहाच्या स्केलवर पासिंग ४ असेल तर ७.४ चं असं होतं: १० वजा ७.४ म्हणजे २.६, भागिले ६, गुणिले ३ म्हणजे १.३, अधिक १ म्हणजे २.३. खूप कोर्स २.५ ची अट घालतात, म्हणजे याच हिशेबाने सीजीपीए ७.० हवा. सहा-साडेसहा असेल तर अट नसलेले किंवा ३.० पर्यंत घेणारे कोर्स शोधा. तेही असतात.

नावाचा घोळ

हा खास आपला मराठी प्रश्न आहे. बोर्डाच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव आणि वेगळ्या ओळीत आईचं नाव असतं. पासपोर्टवर 'दिलेलं नाव' आणि 'आडनाव' असे दोनच रकाने असतात. ऑनलाइन फॉर्म भरताना पासपोर्टवर जसं आहे तसंच, त्याच रकान्यात, त्याच स्पेलिंगने भरा. वडिलांचं नाव पासपोर्टवर 'दिलेल्या नावात' असेल तर फॉर्मवरही तिथेच लिहा. दहावीच्या मार्कशीटवर एक स्पेलिंग आणि आधारवर दुसरं असेल तर दुरुस्तीला आजच लागा; मार्कशीटची दुरुस्ती शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जाते आणि वेळ खाते. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदललेल्या मुलींनी विवाह नोंदणी प्रमाणपत्र प्रत्येक अर्जासोबत जोडावं.

कागद स्कॅन करताना स्कॅनर अॅप वापरा. व्हॉट्सअॅपवरून आलेला मार्कशीटचा फोटो जोडू नका, त्याची क्वालिटी उतरलेली असते. पुढची-मागची बाजू एकाच पीडीएफमध्ये घ्या आणि फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत, जागा न सोडता लिहा.

एपीएस: आधी नोंद, मग तोड

लागणीची नोंद कारखान्याकडे वेळेवर नसेल तर तोडीची पाळी मागे जाते, हे आपल्याकडे पोराटोरांनाही माहीत असतं. एपीएसचं तसंच आहे. एपीएस म्हणजे तुमची शैक्षणिक कागदपत्रं खरी आहेत असं सांगणारं प्रमाणपत्र. नवी दिल्लीचं एपीएस कार्यालय ते देतं. भारतीय विद्यार्थ्यांना १ नोव्हेंबर २०२२ पासून स्टुडंट व्हिसासाठी ते सक्तीचं झालं आणि बहुतेक विद्यापीठं अर्जासोबतच मागतात. फी १८,००० रुपये. ऑनलाइन नोंदणी करायची, फी भरायची आणि कागदांच्या प्रती पाठवायच्या. शेवटच्या वर्षाला असतानाही अर्ज करता येतो. गर्दीच्या दिवसांत प्रमाणपत्राला काही आठवड्यांऐवजी महिने लागतात, म्हणून पुढच्या ऑक्टोबरला जायचं असेल तर आदल्या दिवाळीच्या आसपास एपीएसला हात घाला. त्याच काळात आयईएलटीएस किंवा टोफेल देऊन टाका.

युनि-असिस्ट आणि तारखा

बरीच विद्यापीठं अर्ज स्वतः तपासत नाहीत, ते काम युनि-असिस्ट ही संस्था करते. एका सेमिस्टरसाठी पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाला ३० युरो, म्हणजे पाच अर्जांचे १९५ युरो होतात. काही विद्यापीठांना 'व्हीपीडी' हवी असते. म्हणजे युनि-असिस्ट तुमचे मार्क तपासून एक कागद देते आणि तो तुम्ही विद्यापीठाच्या पोर्टलवर स्वतः टाकायचा. इथे खूप जण चुकतात. व्हीपीडी आली म्हणजे अर्ज झाला असं त्यांना वाटतं, आणि विद्यापीठाकडे अर्ज गेलेलाच नसतो.

हिवाळी सेमिस्टरची ठरलेली अंतिम तारीख १५ जुलै, पण इंग्रजी कोर्सेसच्या तारखा मार्च, एप्रिल, मे अशा कुठेही असू शकतात. तपासणीला चार ते सहा आठवडे जातात, तेव्हा शेवटच्या तारखेच्या आठ आठवडे आधी अर्ज आणि पैसे दोन्ही पोचलेले बरे. कमी पडलेल्या कागदाबद्दलचा मेल याच काळात येतो. मावसभावाचा आला होता तसा.

खरा खर्च: ब्लॉक्ड अकाउंट

फी नसली तरी एक वर्ष राहण्या-खाण्याचे पैसे तुमच्याकडे आहेत हे व्हिसाला दाखवावं लागतं. सध्या ही रक्कम ११,९०४ युरो आहे. हिशेब सोपा व्हावा म्हणून एक युरो शंभर रुपये धरला, तर जवळपास १२ लाख. ही फी नाही. पैसे तुमच्याच नावाच्या खात्यात बंद राहतात आणि तिकडे पोचल्यावर महिन्याला ९९२ युरो तुम्हालाच मिळतात. फिन्टिबा, एक्स्पॅट्रिओ अशा कंपन्या हे खातं ऑनलाइन उघडून देतात. व्हिसा नाकारला तर कंपनीचे शुल्क सोडून रक्कम परत मिळते.

गावात खरी अडचण इथे येते. सरकारी बँका साधारण साडेसात लाखांपर्यंतचं शैक्षणिक कर्ज तारणाशिवाय देतात, त्यावर तारण मागतात. आणि "आमची सहा एकर बागायत आहे की" म्हणून सातबारा घेऊन गेलं, तर बहुतेक बँका या कर्जाला शेतजमीन तारण घेत नाहीत. एनए प्लॉट, कागदपत्रं स्वच्छ असलेलं घर किंवा मुदत ठेव चालते. प्रवेशपत्र आल्यावर धावपळ करण्यापेक्षा शाखेत आधीच विचारून या. पीएम-विद्यालक्ष्मी योजना भारतातल्या संस्थांसाठी आहे, परदेशासाठी नाही. नाव ऐकून गोंधळू नका. परदेशी पाठवलेली रक्कम वर्षात दहा लाखांवर गेली तर टीसीएस कापला जाऊ शकतो. तो आयकर रिटर्न भरून परत मिळतो, पण तोवर तेवढे पैसे हाताशी हवेत.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे, मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथीची महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची. विद्यापीठ जागतिक क्रमवारीत ठराविक क्रमांकाच्या आत असावं लागतं, त्यामुळे छोट्या हॉखशूलसाठी त्यांचा उपयोग नाही. ही नावं उगीच दिलेली नाहीत. १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर कोलंबियाला गेले ते सयाजीरावांच्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर, आणि १९२० मध्ये लंडनला परत जाताना शाहू महाराजांनी मदत केली होती.

पार्टटाइम कामाच्या भरवशावर पहिलं वर्ष ठरवू नका. वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करायची परवानगी आहे, पण लहान गावात जर्मन न बोलता काम मिळवणं कठीण. कोर्स इंग्रजीत असला तरी इथूनच ए-टूपर्यंत जर्मन शिकून जा. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आणि रानडे इन्स्टिट्यूट आहेच.

व्हिसा

व्हिसा फी ७५ युरो. अर्ज आता जर्मन सरकारच्या कॉन्सुलर सर्व्हिसेस पोर्टलवर ऑनलाइन भरता येतो. आधी पोर्टलवर कागद तपासले जातात, मग अपॉइंटमेंट मिळते. नकार मिळाला तर पूर्वी 'रिमॉन्स्ट्रेशन' म्हणजे फेरविचाराचा अर्ज करता यायचा. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद आहे. आता नवा अर्ज नव्या फीसह करायचा किंवा जर्मन कोर्टात जायचं. हाच कोर्स का घेतला आणि आधीच्या शिक्षणाशी त्याचा संबंध काय, हे पत्र स्वतः लिहा. एजंटकडे सगळ्यांसाठी एकच तयार मसुदा असतो आणि तपासणारा तेच वाक्य दिवसातून दहा वेळा वाचतो.

मावसभावाने या खेपेला दिवाळीतच एपीएसची फी भरली. कागद एका रविवारी आम्ही ओसरीवर बसून स्कॅन केले. दहावीच्या मार्कशीटवर आडनावात एक अक्षर जास्त निघालं, ते प्रकरण सध्या शाळेत आहे.