ह्यूस्टन कॉमेट्सचा १९९९ चा हंगाम

अमेरिकेतील स्त्रियांच्या व्यावसायिक बास्केटबॉलचा इतिहास बऱ्याच अंशी उसन्या वेळेचा आणि उसन्या जागेचा इतिहास आहे. टेक्सास राज्यातील ह्यूस्टन कॉमेट्स या संघाचा १९९९ चा हंगाम या इतिहासात मोलाचा ठरतो, कारण त्या एका उन्हाळ्यात खेळाडूंनी दुसऱ्यांनी आखलेल्या चौकटीत स्वतःची परंपरा रुजवली.

या व्यवसायाची पूर्वपीठिका १९७२ पर्यंत मागे जाते. सरकारी अर्थसाहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थांमध्ये लिंगभेदाला मनाई करणारा कायदा त्या वर्षी संमत झाला आणि महाविद्यालयांत मुलींचे संघ झपाट्याने वाढले. परंतु पदवी हाती आल्यानंतर खेळावर पोट भरण्याची सोय मायदेशी नव्हती. १९७८ मध्ये स्त्रियांची पहिली व्यावसायिक साखळी स्पर्धा सुरू झाली, तिचे पहिले विजेतेपद ह्यूस्टनच्याच ‘एंजल्स’ संघाने मिळवले, मात्र आर्थिक ओढाताणीत ती साखळी १९८१ मध्ये बंद पडली. त्यानंतरच्या पिढीतील उत्तम खेळाडूंना युरोप आणि जपान गाठावे लागले. पुढे कॉमेट्सचा आधारस्तंभ ठरलेल्या सिंथिया कूपर यांनी उमेदीची सुमारे दहा वर्षे स्पेन आणि इटलीतील संघांकडून खेळण्यात घालवली.

पुरुषांच्या ‘एनबीए’ या साखळीने १९९६ मध्ये ‘डब्ल्यूएनबीए’ ही स्त्रियांची साखळी स्थापन केली आणि २१ जून १९९७ रोजी आठ संघांनिशी सामने सुरू झाले. पुरुषांचा हंगाम हिवाळ्यात चालतो आणि उन्हाळ्यात त्यांची क्रीडागृहे रिकामी राहतात. ती रिकामी क्रीडागृहे, पुरुष संघांचेच मालक आणि जूनपासून सप्टेंबरच्या आरंभापर्यंतचे जेमतेम तीन महिने, एवढ्या मर्यादेत हा व्यवसाय उभा राहिला. हिवाळ्यात खेळणारी ‘एबीएल’ ही दुसरी, स्वतंत्र साखळी डिसेंबर १९९८ मध्ये दिवाळखोरीत निघाली. त्यामुळे १९९९ च्या हंगामात तिच्यातील नामवंत खेळाडू डब्ल्यूएनबीएमध्ये आल्या, संघांची संख्या बारावर गेली आणि स्पर्धा पूर्वीपेक्षा कितीतरी चुरशीची झाली. त्याच वर्षी खेळाडूंच्या संघटनेने साखळीशी पहिला सामूहिक करार केला. वेतन आणि सेवाशर्ती यांना लेखी आधार मिळाल्याने उन्हाळी खेळाला खऱ्या अर्थाने नोकरीचे रूप आले.

या वाढत्या स्पर्धेत कॉमेट्सचा संघ गतविजेता म्हणून उतरला. प्रशिक्षक व्हॅन चान्सलर यांच्या हाताखाली कूपर, शेरिल स्वूप्स आणि टीना थॉम्पसन हे त्रिकूट खेळत असे. स्वूप्स यांनी १९९७ च्या जूनमध्ये मुलाला जन्म दिल्यानंतर अवघ्या सहा आठवड्यांत मैदानात पुनरागमन केले होते, तर कूपर पहिल्या दोन्ही हंगामांत साखळीच्या सर्वोत्तम खेळाडू ठरल्या होत्या. १९९८ मध्ये या संघाने ३० पैकी २७ सामने जिंकले होते. चेंडू पुढे नेणे, चाल ठरवणे आणि सहकाऱ्यांना योग्य क्षणी पास देणे ही जबाबदारी ज्या खेळाडूकडे असते तिला ‘पॉइंट गार्ड’ म्हणतात. कॉमेट्समध्ये हे काम ५ फूट ५ इंच उंचीच्या किम पेरो करीत असत. खेळाडूंच्या वार्षिक निवडीत कोणत्याही संघाने त्यांना घेतले नव्हते. चाचणी देऊन त्यांनी संघात जागा मिळवली होती आणि तिन्ही तारकांना चेंडू पोहोचवणारा दुवा त्याच होत्या.

फेब्रुवारी १९९९ मध्ये पेरो यांना फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. एबीएलमधून आलेल्या सोन्या हेनिंग यांनी त्यांची जागा सांभाळली आणि संघाने ३२ पैकी २६ सामने जिंकले. २७ जुलैला स्वूप्स यांनी डेट्रॉइटविरुद्ध १४ गुण, १५ रिबाउंड म्हणजे फळीवरून परतलेले चेंडू, आणि १० असिस्ट म्हणजे बास्केट साधून देणारे पास, अशी कामगिरी केली. तीन प्रकारांत दोन अंकी संख्या गाठण्याचा हा पराक्रम ‘ट्रिपल-डबल’ म्हणून ओळखला जातो आणि डब्ल्यूएनबीएमध्ये तो प्रथमच घडला. १९ ऑगस्ट रोजी, साखळी सामने संपत आले असताना, वयाच्या ३२ व्या वर्षी पेरो यांचे निधन झाले. त्या शोकातच बाद फेरी आली.

उपान्त्य टप्प्यात लॉस एंजेलिसला हरवून कॉमेट्सने अंतिम फेरी गाठली आणि न्यूयॉर्क लिबर्टीविरुद्धच्या तीन सामन्यांच्या मालिकेत पहिला सामना ७३–६० असा जिंकला. ४ सप्टेंबरला ह्यूस्टनमध्ये विजेतेपद हाती आल्यासारखे वाटत असतानाच लिबर्टीच्या टेरेसा वेदरस्पून यांनी अखेरच्या क्षणी मैदानाच्या मध्यरेषेपलीकडून फेकलेला चेंडू बास्केटमध्ये गेला आणि लिबर्टीने सामना ६८–६७ असा खेचून नेला. तोवर छतावरून विजयोत्सवाचे रंगीत कागद पडू लागले होते. दुसऱ्याच दिवशी कॉमेट्सने निर्णायक सामना ५९–४७ असा जिंकून सलग तिसरे विजेतेपद मिळवले. दहा क्रमांकाच्या सदऱ्यातील सहकारी पेरो गेल्यानंतर जिंकलेले हे विजेतेपद खेळाडूंनी त्यांच्या स्मृतीला वाहिले.

२००० मध्ये चौथे विजेतेपदही आले, परंतु ज्या चौकटीने संघाला जन्म दिला तिच्यातच त्याचा शेवट दडलेला होता. २००७ मध्ये ह्यूस्टनच्याच पुरुष संघाच्या मालकाने कॉमेट्स विकला, पुढे नवा खरेदीदार मिळेना आणि डिसेंबर २००८ मध्ये संघ बरखास्त झाला. ज्या क्रीडागृहात चारही विजेतेपदे साजरी झाली, तेथे त्यापूर्वीच, २००५ पासून, चर्च भरू लागले होते. डब्ल्यूएनबीए मात्र टिकून राहिली आणि खिलाडूवृत्तीसाठी दिल्या जाणाऱ्या तिच्या वार्षिक पुरस्काराला किम पेरो यांचे नाव मिळाले. संघ गेला, क्रीडागृह गेले, तरी दर हंगामाच्या अखेरीस ते नाव उच्चारले जाते. उसन्या जागेत खेळणाऱ्या त्या स्त्रियांनी खऱ्या अर्थाने स्वतःचे असे जे कमावले, ते हेच होय.